काळ्या काठाची कार्डं

१९७१ च्या एप्रिलमध्ये आम्ही दादर सोडलं, तेव्हा तिकडे पोर्ट ऑफ स्पेनला मालिकेतली शेवटची कसोटी चालू होती. आजोबा रेडिओवरच्या बातम्यांना कान लावून बसायचे आणि गावसकरच्या धावा एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांडायचे. आणि नऊ वर्षांचा मी, नव्या बुटांनी टाचा सोललेल्या, सांताक्रूझच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत एकाच काळजीत होतो, की उरलेल्या धावा आता मला कोण सांगणार. त्या दौऱ्यात चार कसोटींत त्याने ७७४ धावा केल्या, हे मला न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच दिवसांनी, आजोबांच्या निळ्या एअरोग्राममधून कळलं. त्या पत्राच्या घड्यांना दादरच्या घराचा, म्हणजे कापूर, तपकीर आणि रॉकेल यांचा मिळून होणारा वास येत होता. निदान मला तरी तो आला.

सामानात माझी एक दोनशेपानी वही होती. तिच्यात पुढून वर्तमानपत्रांतून कापलेले क्रिकेटपटूंचे फोटो आणि मागून काडेपेट्यांचे छाप असा दुहेरी संसार मांडलेला होता. छाप मिळवायचे ते रस्त्यावरून, पानाच्या गादीपुढे वाकून. रिकामी पेटी वाटीभर पाण्यात भिजत घालायची, छाप सुटून वर तरंगू लागला की तो तळहातावर झेलायचा, पाटावर वाळवायचा आणि आईने स्टोव्हवर रटरटवून दिलेल्या कणकेच्या खळीने वहीत बसवायचा. खळीत मोरचूद घातला तर कसर लागत नाही, असं आजोबा दर वेळी सांगायचे. पण मोरचूद विषारी, आणि मी ती खळ बोटाने चाटतो हे आईला ठाऊक, म्हणून ती कधी घालू द्यायची नाही. ती कोमट, चिकट, किंचित आंबूस खळ बोटांवर वाळली की कातडीला जो ताण बसायचा, तो अजून या बोटांना आठवतो.

क्वीन्समधलं आमचं घर रूझवेल्ट ॲव्हेन्यूजवळ होतं. त्या रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या पुलावरून सात नंबरची आगगाडी धडधडत जायची, खालच्या दुकानांच्या काचा थरथरायच्या, आणि पुलाच्या फटींतून पडणारं ऊन रस्त्यावर शिडीसारखं पसरायचं. हीच गाडी पुढे फ्लशिंगकडे जाताना मेट्स संघाच्या शे स्टेडियमपाशी थांबायची. पुलाखालच्या कोपऱ्यावर एक छोटं दुकान होतं. छपाईची ओली शाई, सिगार, कॉफी आणि साखर यांचा तिथला वास मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला, कारण आमच्या दादरच्या नाक्यावरही पेपरवाला आणि पानवाला शेजारी शेजारीच बसत. दुकानाच्या गल्ल्यावर, माझ्या हनुवटीच्या उंचीला, टॉप्स कंपनीच्या बेसबॉलच्या कार्डांचा खोका होता. पाकीट दहा सेंटला.

मेणकागदाच्या घड्या उघडतानाचा तो आवाज कोरड्या पानांचाही नव्हता आणि साध्या कागदाचाही नव्हता. मेण तडकल्याची बारीक चुरचुर त्यात असायची. मग वास. गमची गुलाबी पट्टी, वर पिठूळ पूड, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी कटकन मोडणारी. तिची गोडी जेमतेम पाच मिनिटं टिकायची आणि उरलेला वेळ रबर चघळल्यासारखं व्हायचं, पण तिचा सुवास कार्डांना लागायचा आणि तो आठवडाभर जायचा नाही. पट्टी ज्या कार्डाला टेकलेली असेल त्यावर एक फिकट चौकोनी डाग पडे. जाणते संग्राहक त्या डागाला दोष समजतात. मला तो दिसला की नाक आपोआप खाली वाकतं.

त्या वर्षीच्या कार्डांना काळी कड होती. पुठ्ठ्याभोवती दाट, तुकतुकीत काळा काठ, वर संघाचं नाव मोठ्या रंगीत अक्षरांत, त्याखाली खेळाडूचं नाव, आणि फोटोवर त्याची छापील सही. आईने पहिलं कार्ड खिडकीशी नेऊन उजेडात तिरपं धरलं आणि म्हणाली, "अगबाई, ही तर चंद्रकळाच की!" संक्रांतीची काळी चंद्रकळा तिने बरोबर आणली होती, पण त्या सालात ती नेसून हळदीकुंकवाला जावं असं एकही घर आसपास नव्हतं. साडी बघावी तशी ती माझी कार्डं बघायची. आधी काठ, मग अंग, मग वीण. कार्डांकडे बघण्याची दृष्टी मला तिने दिली, आणि पुढे पन्नास वर्षांत कार्डांवर जे जे लिहिलं गेलं ते वाचूनही माझी भाषा तीच राहिली.

त्या काळ्या काठाची एक खोड होती. बोट लागलं की कडेची शाई उडायची आणि खालचा पांढरा पुठ्ठा डोकवायचा. ७५२ कार्डांचा तो संच आज पूर्ण, कोरा, कडा न उडालेला मिळणं अतिशय कठीण आहे, आणि जाणकार त्याला छपाईचा अवघड प्रयोग म्हणून नावं ठेवतात. मला मात्र टॉप्सने केलेल्या सगळ्या संचांत तोच मनापासून आवडतो. पांढरी कड हळूहळू मळते, ती कधी मळली ते सांगता येत नाही; काळी कड प्रत्येक स्पर्श लिहून ठेवते. खिशात घातलं, रबरबँडने बांधलं, भिंतीवर नेम धरून फेकलं, सायकलच्या आऱ्यांत कपड्यांच्या चिमट्याने अडकवून फटफट वाजवलं, हे सगळं त्या काठावर वाचता येतं. कार्ड छापखान्यात अर्धंच होतं, असं मला वाटतं. उरलेलं ते ज्याच्या हातात जातं तो पुरं करतो, आणि हे ज्या वर्षीच्या कार्डाने सगळ्यांत उघडपणे मान्य केलं ते १९७१ चं.

मी माझी पहिली कार्डं काय केली असतील? वहीत चिकटवली. छाप चिकटवावेत तशी, आईच्या खळीने, ओळीने, पाठ खाली करून. शेजारच्या घरी प्वेर्तो रिकोहून आलेलं कुटुंब होतं. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, इंग्रजीत माझ्याहून चार पावलं पुढे. वही पाहून तो काही क्षण बोललाच नाही. मग त्याने आपल्या खिशातलं एक कार्ड काढून उलटं केलं आणि पाठीवर बोट ठेवलं. तिथे हिरव्या छपाईत खेळाडूचा एक छोटा काळापांढरा फोटो, जन्मतारीख, गाव, उंची, वजन, गेल्या हंगामाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे होते. मी त्या सगळ्यावर खळ फासली होती. मला रडू आवरेना, आणि तो बिचारा आपल्या घरातून दोन जादा कार्डं आणून माझ्या हातात कोंबत राहिला.

पुढची सगळी वर्षं मग मी पाठ जपायला शिकलो. कार्डाचा शंभराच्या पटीतला नंबर मोठ्या खेळाडूंसाठी राखलेला असे, हे त्या शेजारच्या मुलानेच शिकवलं: त्या वर्षी पीट रोझ १००, हँक ॲरन ४००, विली मेज ६००. कार्डं उन्हाळाभर टप्प्याटप्प्याने दुकानात यायची, म्हणून मेजसाठी किती थांबावं लागलं ते सांगता येत नाही. जिन्याच्या पायरीवर बसून गठ्ठे भराभर उलटायचे आणि तोंडाने "आहे, आहे, आहे, नाही!" असा जप चालायचा, तो त्याच्या भाषेत, मी माझ्या, आणि "नाही" दोघांनाही एकाच सुरात कळायचं.

त्याच्या घरी भिंतीवर येशूच्या तसबिरीशेजारी त्यांच्या प्वेर्तो रिकोचा खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते होता. थोरल्या भावाच्या बुटांच्या खोक्यात १९६० च्या दशकातली कार्डं होती, आणि त्यांवर छापलेलं नाव मात्र 'बॉब क्लेमेंते'. त्याच्या आईला ते खपत नसे. ती त्या 'बॉब'वर अंगठा ठेवून कार्ड दाखवायची. १९७० मध्ये कार्डावर 'रोबेर्तो' आलं. शाळेत माझंही तीन अक्षरी नाव तोवर एका अक्षरावर आलं होतं, त्यामुळे हा अंगठा मला फार जवळचा वाटे. १९७२ च्या सप्टेंबरअखेर क्लेमेंतेने तीन हजारावा हिट मारला, आणि ३१ डिसेंबरला भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या निकाराग्वाला मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. १९७३ च्या वसंतात त्याचं कार्ड नेहमीसारखं पाकिटातून निघालं. आम्ही दोघांनी ते उलटं केलं. एकूण हिट्स: बरोबर ३०००. त्या दिवशी आम्ही गम खाल्लं नाही.

थोरल्या भावाच्या खोक्यातून मी मागची वर्षं पाहिली, आणि पुढे कमावता झाल्यावर त्याहीमागची. १९६८ च्या कार्डांची चौकट तरटासारखी. आई म्हणाली, गोणपाटात गुंडाळून माणसं कशाला विकतात? १९६२ ची लाकडी फळीची. १९७२ ची म्हणजे जत्रेतल्या तंबूवरची कमान, एवढी भडक, एवढी वळणदार अक्षरं की माणूस आत हरवावा. तेव्हा मला ती फार ओंगळ वाटली होती. आता तीच उघडली की त्या उन्हाळ्यातलं रस्त्यावरचं संगीत, मोठ्या कॉलरींचे सदरे, सगळं एकदम आत येतं, आणि मी माझं मत बदललं आहे. शिवाय त्याच संचात मोठ्या खेळाडूंचे बालपणीचे फोटो छापले होते, दात पडलेले, सैल विजारीतले. ते मला तेव्हाही आवडले होते. १९७५ ची कार्डं आली तेव्हा आई खरी हरखली. वरचा काठ एका रंगाचा, खालचा दुसऱ्या. "गंगाजमनी," ती म्हणाली, आणि पोळ्या लाटायच्या थांबवून पिठाच्या हातानेच चार कार्डं हिरवा-जांभळा, पिवळा-तांबडा अशी ओट्यावर मांडली. त्यांतल्या एकावर पिठाचा ठसा अजून आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या काळच्या कार्डांत लोभस वाटते. हिवाळ्यात एखादा खेळाडू संघ बदले, नवा फोटो मिळालेला नसे, मग कोणी कारागीर ब्रशने जुन्या टोपीवर नव्या संघाचा रंग चढवी. रंग कधी टोपीबाहेर ओघळे, कधी अक्षर वाकडं होई. दादरच्या स्टुडिओत माझ्या आईबाबांचा लग्नाचा फोटो असाच हाताने रंगवलेला होता, बाबांच्या ओठांवर लाली आणि आईच्या शालूला खऱ्याहून गडद हिरवा. रंगवलेली टोपी दिसली की पलीकडे टेबलाशी वाकलेला माणूस दिसतो.

तसं पाहिलं तर सगळा आधुनिक प्रकारच एका टेबलावर जन्मला. १९५१ च्या शरदात साय बर्गर नावाच्या टॉप्समधल्या तरुणाने ब्रुकलिनच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वुडी गेलमनला सोबत घेऊन पुठ्ठे कापून १९५२ च्या ४०७ कार्डांचा आराखडा केला. रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, छापील सही, आणि पाठीवर आकडे. आजवरची सगळी कार्डं त्याच घराण्यातली. तरी खरं सांगायचं तर मला १९५२ चं कार्ड थोडं दाटीचं वाटतं, दिवाणखान्यात पाहुणे आल्यावर सगळ्या तसबिरी मांडून ठेवाव्यात तसं. १९५५ च्या बोमन कार्डांनी खेळाडूला दूरदर्शन संचाच्या लाकडी चौकटीत बसवलं, कारण घरोघरी ती वस्तू नुकतीच येत होती; कौतुकाची कल्पना, पण चौकटच जास्त दिसते. बोमननेच त्याआधी, १९५३ मध्ये, जे केलं त्याच्या तोडीचं मला काही दिसत नाही. समोरच्या बाजूवर रंगीत फोटो, बस. नाव नाही, संघ नाही, सही नाही, बारीक पांढरी कड तेवढी. पी वी रीझ हवेत उडी मारून चेंडू फेकतो आहे, खाली धावणारा घसरतो आहे, आणि त्या क्षणावर एक अक्षरही कोणी लिहिलेलं नाही. १६० कार्डांनंतर कंपनीला रंगीत छपाई झेपेना, पुढची ६४ कृष्णधवल निघाली, आणि १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकतच घेतलं. त्याच १९५३ मध्ये टॉप्सने मात्र फोटोंवरून हाताने रंगवलेली चित्रं छापली होती. सॅचेल पेजच्या नावात एक अक्षर जास्त पडलं आहे, पण चेहरा असा रंगवला आहे की त्या अक्षराकडे लक्षच जात नाही.

सगळ्यांत जुनी, १९०९ ते १९११ मधली, सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी कार्डं मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा चाळिशी ओलांडली होती. काडेपेटीच्या छापाहून जेमतेम उंच. एकरंगी आकाश, एक माणूस, खाली नाव. मला दादरची ती पाण्याची वाटी आठवली. त्यांतलं होनस वॅग्नरचं कार्ड, त्याने हरकत घेतल्यामुळे छपाई थांबून दुर्मीळ झालेलं, लोक लाखो डॉलरला घेतात. त्याचं मला कधी फारसं काही वाटलं नाही. बर्गरने १९५२ ची न खपलेली कार्डं १९६० मध्ये एका पडावात भरून अटलांटिकमध्ये बुडवली, असं तो स्वतः सांगत असे, आणि त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. मला त्या बातमीत फक्त समुद्र दिसला, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला.

वही चिकटवल्याची लाज मला तीस वर्षं पुरली. मग एका हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफरसन बर्डिकच्या संग्रहातली कार्डं पाहिली. सिरॅक्यूजच्या कारखान्यात काम करणारा हा एकटा माणूस. अमेरिकेतल्या छापील कार्डांची यादी करून त्याने प्रत्येक प्रकाराला अक्षर आणि आकडा दिला, जो आम्ही आजही वापरतो. तीन लाखांवर कार्डं आणि कागद, त्यांत बेसबॉलची सुमारे तीस हजार, त्याने संग्रहालयाला दिली आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांनी, वर्षानुवर्षं तिथे बसून, वह्यांमध्ये डकवली. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं पान पुरं केलं आणि मार्चमध्ये तो गेला. डकवली! मी त्या पानांसमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्याची बोटं कशी दुखत असतील, वाळलेल्या डिंकाने कातडी कशी ओढली जात असेल, एवढंच मनात येत होतं.

१९९२ पासून टॉप्सच्या पाकिटात गम येईनासं झालं. त्याआधीच कागद गुळगुळीत, पांढरा, चकचकीत होऊ लागला होता. चमचमणाऱ्या ठशांची कार्डं आली, कडा सोनेरी झाल्या, आणि कोरेपणाला दहापैकी गुण देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करण्याची पद्धत पडली. शे स्टेडियम पाडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. फ्लशिंगच्या गणेश मंदिरात पूर्वी जी सात-आठ ओळखीची तोंडं दिसायची तिथे आता रांग असते, आणि आईला चंद्रकळा नेसून जायला अखेर घरं मिळाली. बदल काही वाईटच होतो असं मी कसं म्हणू? माझी अकरा वर्षांची नात फोनवर पाकिटं उघडते, तिथे चुरचुर नसते पण तिचा श्वास तसाच अडकतो. ओहतानीचं कार्ड निघालं की ती ज्या आवाजात ओरडते तो मला जिन्याच्या पायरीवरचा वाटतो.

गेल्या दिवाळीच्या आधी माळा आवरताना ती वही तिनेच काढली. कसरीने पानांना जाळी केली होती. मोरचूद नव्हता ना. काडेपेट्यांवरची जहाजं आणि वाघ कडांनी कुरतडले होते. तिने पान उलटलं आणि काळ्या काठाचं एक कार्ड आपसूक सुटून तिच्या मांडीवर पडलं. पाच नंबरचं, थर्मन मन्सनचं. आडवं कार्ड. धुळीचा लोट, त्यात घसरत येणारा धावणारा, आणि त्याच्यावर झेपावलेला यांकीजचा कॅचर. टॉप्सने नेहमीच्या कार्डांवर चालू खेळातले फोटो घातले ते त्याच वर्षी पहिल्यांदा. मला त्या वयात बेसबॉलचं हे एकच चित्र न सांगता समजलं होतं, कारण ही धूळ शिवाजी पार्कची होती. मन्सन १९७९ मध्ये विमान अपघातात गेला. त्याचं दुसरं, सुटं कार्ड मी पुढे विकत घेतलं होतं, पण या कार्डाची पाठ मी चिकटवल्यापासून पाहिली नव्हती.

कसरीने खळ स्वच्छ खाल्ली होती. हिरवी छपाई जागोजागी उडालेली, छोट्या फोटोतला मन्सन अर्धाच, पण १९७० ची सरासरी नीट वाचता येत होती, .३०२. आणि कडेच्या कोऱ्या पट्टीवर, गोल आणि मोठ्या अक्षरांत, पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. माझं अक्षर. मला काहीच आठवेना, मग हळूहळू एअरोग्रामचा निळा कागद आठवला, आणि त्यात काहीही घालून पाठवता येत नाही असं समजावणारा बाबांचा आवाज. १९७४ मध्ये आम्ही पहिल्यांदा परत गेलो, तोवर आजोबा नव्हते.

"आजोबा, काय लिहिलंय?" नातीने विचारलं. तिला देवनागरी वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं: आजोबा, हा त्यांचा यष्टिरक्षक. धावबाद की नाबाद? कळवावे.

तिने माझं भिंग मागून घेतलं, कार्ड सुलटं केलं आणि खिडकीपाशी जाऊन त्या धुळीत धावणाऱ्याचा पाय शोधू लागली.